घोट्यांवरचे हात

ऑपरेशन सोमवारचं ठरलं होतं, आणि गुरुवारी दुपारी मावशी शेवटची तपासणी उरकायला निघाल्या. ‘उरकायला’ हा त्यांचाच शब्द. येताना अस्तराचं कापड घ्यायचं होतं, एका गिऱ्हाइकाला पडद्यांचं माप विचारायचं होतं, आणि मधल्या वेळात त्या एमआरआयच्या मोठ्या यंत्रात झोपायचं होतं. सुनेनं ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती आणि ती काढल्याचं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

मावशी शिवणकाम करणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची, सख्ख्या भाच्या मात्र दोनच होत्या. पायाच्या मशीनवर त्यांनी आयुष्य काढलं. मुलानं विजेवर चालणारं नवं मशीन आणून दिलं तेव्हा त्यावर त्यांनी आठवडाभर टोपली ठेवली आणि मग ते भाचीला देऊन टाकलं. टाके पायातून येतात असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि गेली सहा वर्षं त्या पायांनीच त्यांचा छळ मांडला होता. डाव्या पोटरीवरून गार पाणी ओघळतंय असं वाटायचं. हात लावून बघावं तर पाय कोरडा ठणठणीत. सुरुवातीला त्यांना खरंच वाटलं की छत गळतंय. मुलानं प्लंबर बोलावला. तो शिडी लावून वर डोकं घालून आला आणि म्हणाला, “छत तुमच्यापेक्षा धडधाकट आहे, मावशी.” मग पाण्याच्या मागोमाग मुंग्या आल्या, त्यांच्यामागून आग. कमरेपासून टाचेपर्यंत निखारा फिरवावा तशी आग. पंधरा मिनिटांवर बसणं होईना. जेवण उभ्यानं, कापड बेतणं उभ्यानं, रडणंसुद्धा उभ्यानं.

डॉक्टर कमी झाले नाहीत. एकानं वय सांगितलं, दुसऱ्यानं वजन, तिसऱ्यानं मन. तिसऱ्यानं तर मुलाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की एकटेपणात बायकांना असे भास होतात. मावशींना ऐकू चांगलं येत होतं. दोनदा मोठ्या यंत्रातून तपासणी झाली. दोन्ही वेळा मणक्यातली एक चकती थोडी सरकलेली दिसली, बाकी ठीक. शेवटी एका सर्जननं ती चकतीच काढून टाकू म्हणून सांगितलं. माणूस प्रामाणिक होता. पायांतली ताकद जाण्याचा धोका आहे, हेही त्यानं लपवलं नाही.

मुलगा म्हणाला, “एकदाचं करून टाकू, आई.” मावशींनी मान हलवली. पण रात्रंदिवस एकच गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसं तर होत नाही ना? चकती जाईल, आग तशीच राहील, आणि वर पाय जातील. पाय गेले की मशीन गेलं. मशीन गेलं की मावशींच्या लेखी काही उरत नव्हतं.

तपासणीचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात होता. लिफ्ट बंद होती, म्हणून उतारावरून जावं लागलं. मध्यावर आल्यावर मावशी थांबल्या.

“काय झालं, आई? दुखतंय?”

“नाही गं. हा उतार माझ्या ओळखीचा आहे.”

“दोनदा आलात की इथं.”

“तेव्हा लिफ्टनं आले होते. त्याच्या फार आधी... तू जन्मली पण नसशील तेव्हा.”

सुनेनं घड्याळ बघितलं. मावशी पुढं चालू लागल्या. सत्ताविशीत असताना, नवऱ्याबरोबर मशीन जिन्यावरून उतरवताना त्यांची पाठ धरली होती. तेव्हा याच तळघरात, कसल्याशा एक्स-रेच्या टेबलावर, त्यांना तासभर झोपवलं होतं. पुढं पाठ आपोआप सुटली, आणि तो तासही डोक्यातून गेला. आता इथं पांढऱ्या फरशा होत्या, थंडगार हवा होती, आणि भिंतीवर सूर्यफुलांचं मोठं चित्र होतं.

यंत्र चालवणारी मुलगी चटपटीत होती. पायात जाड तळाचे बूट, केसांना पेन्सिल खोचलेली. तिनं कागदावरचे प्रश्न भराभर विचारले. शरीरात धातू? नाही. हृदयाचं यंत्र? नाही. पाठीचं ऑपरेशन? नाही. पाठीत कधी काही टोचलं होतं का, हे त्या कागदावर छापलेलंच नव्हतं. जे विचारलं नाही ते मावशींनी सांगितलं नाही.

“उताणं झोपायचं, मावशी. डोकं आत, पाय बाहेर. हे हेडफोन कानांवर, हा रबरी फुगा हातात ठेवा. भीती वाटली तर दाबा. मी त्या काचेच्या पलीकडे आहे.”

“आणि डॉक्टर?”

“सर शेजारच्या खोलीत असतात. तिथून स्पीकरवर सांगतात.”

सून बाहेरच्या बाकावर बसली. जाड दार बंद झालं. फळी सरकत आत गेली आणि मावशींच्या नाकासमोर चार बोटांवर छत आलं.

यंत्राचा आवाज त्यांना ठाऊक होता. आधी ठकठक, मग पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा दणदणाट, मग एकदम शांतता. त्या शांततेत कुठंतरी खोल एक पंप चालल्यासारखा आवाज येत राहायचा. मावशींनी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात एका झग्याची चूण बेतायला घेतली.

तिसऱ्या शांततेत वास आला. आंबूस, डोळ्यांत जाणारा, शिळ्या व्हिनेगरसारखा. त्याला मिसळून तापलेल्या रबराचा वास. पूर्वी फोटो धुवायच्या दुकानात असा वास यायचा. इथं काय धुताहेत, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्यांच्या दोन्ही घोट्यांवर कुणीतरी हात ठेवले.

हात कोमट होते, कोरडे होते. अंगठे नेमके हाडाच्या उंचवट्यावर टेकले होते. दाब फार नव्हता, पण पाय हलला नसता.

“अगं, मी हलत नाहीये,” मावशी म्हणाल्या. “नको धरूस.”

हेडफोनमध्ये खरखर झाली. “काय म्हणालात, मावशी?”

“पाय नको धरूस म्हटलं.”

मुलगी म्हणाली, “मी बाहेर आहे. काचेच्या पलीकडे. आत कुणीच नाही.”

हात तिथंच होते.

मावशींनी फुगा दाबला. एकदा नाही, चारदा. फळी सरकत बाहेर आली, दार उघडलं, मुलगी धावत आली. खोली रिकामी. पायांवर घातलेली चादर जिथल्या तिथं, तिला सुरकुतीसुद्धा नव्हती.

“नसांचा त्रास असला की होतं असं,” मुलगी समजुतीनं म्हणाली. “कुणाला पाणी वाटतं, कुणाला मुंग्या...”

“पाणी मला सहा वर्षं ठाऊक आहे,” मावशी म्हणाल्या. “ते खोटं असतं, हेही ठाऊक आहे. हे तसलं नव्हतं. आणि हा वास कसला येतोय?”

मुलीनं नाक ओढलं. तिचा चेहरा किंचित बदलला. काचेपलीकडे जाऊन ती परत आली, तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

“सर म्हणतायत, पालथं घेऊन परत एकदा करा. असं आम्ही सहसा करत नाही. दुखेल थोडं. जमेल?”

मावशींना जमणार नव्हतं. पोटावर झोपायचं म्हणजे कमरेत सुरी फिरायची. पण सोमवार त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. न जमून सांगते कुणाला? मुलीनं सुनेला आत बोलावलं, आणि दोघींनी मिळून त्यांना पालथं केलं. सुनेनं पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या ओढणीनं पुसला. दार पुन्हा बंद झालं.

आता तोंड उशीत होतं आणि काहीच दिसत नव्हतं. दणदणाट झाला, थांबला. वास पुन्हा आला, आधीपेक्षा जास्त. मावशींनी फुगा मुठीत घट्ट धरला. हात येणार हे त्यांना कळलं होतं. ते आले. आधी डाव्या घोट्यावर, मग उजव्या.

आणि पालथ्या अवस्थेत, पाय असे धरलेले असताना, मावशींना तो विसरलेला तास आठवला. असंच पालथं झोपवलं होतं. पाठीत सुई. आणि आख्खं टेबल हळूहळू कलत होतं, डोकं खाली, पाय वर, मग डोकं वर, पाय खाली. पडायची भीती वाटून त्या थरथरत होत्या, आणि रबरी एप्रन घातलेल्या एका माणसानं त्यांचे घोटे धरून ठेवले होते.

“बाई...”

आवाज हेडफोनमधून येत नव्हता. तो पायांकडून येत होता, आणि दमलेला होता.

“बाई... घाबरू नका. मी टेबलवाला.”

मावशींच्या मुठीत फुगा होता. बोटं वळत नव्हती.

“त्या दिवशी... बाहेर रांग होती. मी टेबल लवकर उतरवलं. पाठीत तेलासारखं औषध घातलं होतं, डॉक्टर ते परत काढून घ्यायचे... आडवं असतानाच काढायचं असतं. मी पाय खाली केले... तेल तळाशी गेलं. मग निघेना.”

“मग...?” मावशींनी विचारलं. आपला आवाज निघतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

“डॉक्टर म्हणाले, राहू दे. काही होत नाही... मी काही बोललो नाही. चौतीस वर्षं झाली, बाई.”

पंप चालत राहिला.

“हलू नका. आता फोटो येऊ दे... यात दिसेल.”

दणदणाट सुरू झाला. मावशी थरथरत होत्या, पण कंबर तसूभर हलली नाही, कारण पाय कुणीतरी घट्ट धरून ठेवले होते. शेवटचा फोटो होईपर्यंत धरले होते.

बाहेर आल्यावर त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, सुनेनं पाणी दिलं, आणि पाच मिनिटांनी उतारावरून डॉक्टर आले. हात रुमालाला पुसत होते. पडद्याकडे बघताच त्यांची पावलं थांबली.

“पालथं कुणी घ्यायला सांगितलं?”

“तुम्हीच, सर,” मुलगी म्हणाली. “स्पीकरवर. पालथी घ्या, एकदा पालथी घ्या, असं दोनदा म्हणालात.”

“मी वर जेवत होतो.”

मुलीनं केसांतली पेन्सिल काढली आणि परत खोचली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ चित्रं मागंपुढं करत राहिले. मग त्यांनी मावशींना जवळ बोलावलं आणि त्या बसू शकत नाहीत हे लक्षात येताच स्वतःही उठून उभे राहिले. हे मावशींनी नीट पाहिलं. सहा वर्षांत कुठला डॉक्टर त्यांच्यासाठी खुर्चीतून उठला नव्हता.

“पाठीत कधी सुई घातली होती? औषध घालून, टेबल कलतं करून फोटो काढले होते?”

“हो. इथंच.”

डॉक्टरांनी मान डोलावली. “तुम्ही शिवणकाम करता ना? मग तुम्हाला लगेच कळेल. मणक्याच्या आत एक नळी असते, पातळ अस्तराची. तिच्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात पायांकडे जाणाऱ्या नसा सुट्या धाग्यांसारख्या तरंगतात. माणूस उताणा झोपला की धागे मागच्या बाजूला पडतात, म्हणून आधीच्या तपासण्यांत कुणाला वावगं वाटलं नाही. पालथा झोपला की ते सगळे पुढं यायला हवेत.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “तुमचे आले नाहीत. ते एकमेकांना आणि अस्तराला चिकटलेत. मधली जागा रिकामी दिसतेय, बघा. या अस्तराला वर्षानुवर्षं सूज आहे. ॲरॅक्नॉइडायटिस म्हणतात.”

“म्हणजे पाणी... मुंग्या...”

“सगळं खरं. या नसा तसंच सांगतात.”

लगेच साधा एक्स-रे काढला. मणक्याच्या पार तळाशी सात पांढरे थेंब, शिसं सांडावं तसे. चौतीस वर्षांपूर्वीचं औषध अजून तिथंच होतं. आधीच्या तपासण्यांत ते चरबी समजून सोडून दिलं होतं.

“चकतीचा काही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाले. “हिला चाकू लावला तर नसा आणखी चिकटतील. मी सर्जनना आत्ताच फोन करतो. सोमवारचं रद्द. पूर्ण बरं होईल असं खोटं सांगणार नाही, पण आग कमी करायची औषधं आहेत, व्यायाम आहेत. पाय तुमचे तुमच्याकडे राहतील.”

मावशी तिथंच, उभ्या उभ्या, हमसून हमसून रडल्या. त्या दिवशी त्यांना दुखणं मिळालं नव्हतं, ते तर होतंच. त्यांना दुखण्याचं नाव मिळालं होतं. सुनेनं त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, “आई, मी पण मनातून... मला माफ करा.” मावशी म्हणाल्या, “अगं, कधीकधी मीच माझ्यावर विश्वास ठेवत नव्हते, तुझं काय घेऊन बसलीस.”

निघताना त्यांनी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलंच नसतं.

“डॉक्टर, ते कलतं टेबल कोण चालवायचं?”

“मामा? मी शिकाऊ होतो तेव्हा होते. फार हळुवार हात. वीस वर्षं झाली त्यांना जाऊन.” डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. “का हो?”

“काही नाही,” मावशी म्हणाल्या. मग उतारावर वळून त्यांनी बंद दाराला मनापासून हात जोडले. कुणी चुकलं असेल, पण चौतीस वर्षांनी येऊन चूक कबूल करणारा माणूस त्यांना जिवंतांत एकही भेटला नव्हता. भीती वाटलीच होती, ती खोटी नव्हे. पण उपकार भीतीहून मोठे होते.

पुढचे आठ दिवस घरात जणू सण होता. नव्या गोळ्यांनी आग निम्म्यावर आली. मुलानं मशीनला उंच स्टूल करून आणलं, त्यावर टेकून वीस-पंचवीस मिनिटं शिवता येऊ लागलं. मावशींनी पहिला शिवला तो सुनेचा झगा, आणि सुनेनं तो ऑफिसात घालून जाऊन सासूनं शिवल्याचं तीनपेक्षा जास्त वेळा सांगितलं.

नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, फोन वाजला. घरात मावशी एकट्याच होत्या. फोनवर एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता, अनोळखी, शाळेत शिकवणाऱ्या बाईंसारखा स्वच्छ.

“तुम्हीच का शिवणकाम करणाऱ्या मावशी? माझी तुमची ओळख नाही. मी नऊ वर्षं अंथरुणावर आहे. पायांवरून पाणी वाहतं. लोक मला वेडी म्हणतात.”

मावशींनी स्टुलाची कड धरली. “तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?”

“इथं एक गृहस्थ आलेत. दार तर आतून लावलेलं आहे... आंबूस वास येतोय हो. ते म्हणाले, या नंबरवर बाई आहेत, त्यांना विचारा कुठं तपासायचं. आणि म्हणाले... बाईंनी मला माफ केलं का, तेही विचारा.”

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्या आभार मानत राहिल्या होत्या, माफी राहूनच गेली होती.

“सांगा त्यांना, केलं,” त्या म्हणाल्या. “मनापासून केलं. म्हणावं, तुमच्यामुळं माझे पाय वाचले. आणि तुम्ही घाबरू नका, बाई. आजच मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात तपासायला जा. पालथं झोपवून बघा म्हणावं, हे विसरू नका. त्यांनी पाय धरले असतील तर धरू द्या. भला माणूस आहे तो.”

पलीकडे बाईंनी फोन बाजूला धरून कुणाला तरी हलक्या आवाजात ते सगळं सांगितलं. मावशी वाट बघत राहिल्या.

“सांगितलं,” बाई परत फोनवर आल्या. आता त्या अगदी कुजबुजत होत्या. “ते रडतायत... पण मावशी, तुमच्या वेळी किती जण होते?”

“एकच. का?”

“माझ्या पायांवर हात चार आहेत. दुसरे म्हणतायत, ‘राहू दे, काही होत नाही.’”